खुब्यातली खोट

फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर तानाजीरावांनी कराडजवळच्या गावात जर्मन शेफर्डची मादी पाळली, डायना. तिचं पहिलं पिल्लू त्यांनी मोठ्या हौसेनं लेकीच्या, प्रांजलच्या, सासरी फलटणला दिलं. त्याचं नाव ब्रुनो. तो वर्षाचा झाला आणि मागच्या पायांनी लंगडायला लागला. प्रांजलच्या सासूनं, राहीबाईंनी, ठरवूनच टाकलं की सुनेनं स्कूटी त्याच्या अंगावर घातली. स्कूटीची किल्ली सासूच्या कमरेला गेली. प्रांजल क्लासमध्ये शिकवायला जायची, तेही बंद झालं. फोनवर ती एवढंच म्हणायची, "मी काय बी केलं न्हाई, आप्पा."

पुढं डायनाही उठताना कण्हू लागली. जनावरांच्या डॉक्टर साक्षींनी तिचा एक्स-रे उजेडात धरला.

"खुब्याची वाटी जन्मतःच उथळ आहे. हाड नीट बसत नाही, घासत राहतं. या जातीत हे पुष्कळ दिसतं. पिल्लांतही उतरतं."

"पिल्लांत?" तानाजीरावांनी पुन्हा विचारलं.

डायनाला परत पिल्लं होऊ नयेत म्हणून त्यांनी तिचं ऑपरेशन करून घेतलं. मग एक्स-रे घेऊन फलटण गाठलं.

"विहीणबाई, पोरीचा दोष न्हाई. हे त्याच्या आईकडनं आलंय."

राहीबाईंनी एक्स-रे हातातही घेतला नाही. "म्हंजी खोट तुमच्याच घरची. आन तुमी ती आमच्या दारात आणून बांधली व्हय?"

जावई विश्वजीत मोबाईलमध्येच बघत बसला होता.

"व्हय, माझ्याच घरची," तानाजीराव म्हणाले. "पोरीची किल्ली तेवढी द्या."

"आता कशाला किल्ली? दुखणं जन्माचं हाय म्हणताय. त्याचं करायला घरात कोण तरी नको?"

तानाजीरावांनी एक्स-रे पाकिटात घातला. ते मागच्या दारी गेले. प्रांजल ब्रुनोच्या मांड्या गरम फडक्यानं शेकत होती.

"मी ह्याला घिऊन जातो. मग तुला आडवायला कारण न्हाई ऱ्हायचं."

तिनं ब्रुनोच्या मानेवर हात ठेवला. "नका नेऊ. मी दिसले की ह्या घरात हा एकटाच उठून येतोय, आप्पा. दुखत असलं तरी."

"मग तू बी चल."

आतून राहीबाईंची हाक आली. प्रांजल उठली. "त्याला किती खायला घालायचं, काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

"वजन वाढू द्यायचं न्हाई. जिना चढू द्यायचा न्हाई."

"बरं," म्हणून ती आत गेली. ब्रुनो मागचे पाय ओढत उंबऱ्यापर्यंत गेला आणि दाराला नाक लावून बसला.