हात हलवला की चालणारं घड्याळ

ओफोसुहेने मास्तरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी कोफोरिडुआ शहरात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. बाजारातल्या टोमॅटोवालीपासून चर्चच्या पाद्रींपर्यंत सगळ्यांचे ते ‘टीचर’. त्यांची बायको सेरवासुद्धा त्यांना टीचरच म्हणे. फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला जरा धार असे.

त्या सकाळी धार जास्तच होती.

“टीचर, या कपाटात अकरा घड्याळं आहेत. एकही चालत नाही. मी माझी लुगडी काय डोक्यावर ठेवू?”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत जो तो टीचरांना घड्याळच देत आला होता. दहांचं त्यांना काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो अकराव्यात. ते सोनेरी होतं, तबकडीवर मोठ्या स्विस कंपनीचं नाव होतं आणि निरोपाच्या दिवशी माजी विद्यार्थी संघानं वर्गणी काढून ते दिलं होतं. संघाचे चेअरमन बेनेडिक्ट डार्को, सिमेंटचे मोठे व्यापारी, यांनी भर स्टेजवर ते टीचरांच्या मनगटावर बांधलं आणि माइकवर सांगितलं, “सर, अस्सल माल आहे. सेल नको, चावी नको. हात हलवला की चालतं. तुमचा हात कधी थांबायचा नाही, तसं हेही थांबायचं नाही!” केवढ्या टाळ्या पडल्या होत्या.

दीड वर्षानं ते थांबलं. टीचरांनी घड्याळाला दोष दिला नाही, स्वतःला दिला. फळ्यावर लिहिणं संपलं, हात आळशी झाला, घड्याळ तरी काय करणार? तेव्हापासून ते रोज सकाळी डावा हात जोरजोरात हलवत फिरायला जात. समोरून येणारी माणसं लांबूनच त्यांची डावी बाजू सोडत. एकदा तर ते जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कुटायला डाव्या हातात मुसळ घेऊन बसले. उखळीत गोळा फिरवणाऱ्या सेरवाची बोटं थोडक्यात वाचली. पुन्हा तिनं त्यांना उखळीजवळ फिरकू दिलं नाही.

शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की घड्याळाला तरुण हात हवा. आणि ते अफ्रियेकडे गेले.

अफ्रिये चौकात मोठ्या छत्रीखाली मोबाइलची कव्हरं विकायची. पण तिची खरी कमाई होती फोनवरच्या लिलावात घड्याळं घेण्या-विकण्याची. तिनं अकराही घड्याळं समोर मांडली आणि टीचरांना स्टुलावर बसवून शिकवणी सुरू केली.

“फोटो सकाळच्या उजेडात काढायचा, साध्या कापडावर. मागं तुमच्या मिसेसचं भांडं दिसता कामा नये. सुरुवातीची किंमत कमी ठेवायची, लोक जमतात. आणि लिलाव संपवायचा रविवारी दुपारी.”

“रविवारीच का?”

“चर्च झालेलं असतं, पोट भरलेलं असतं, माणूस फोन घेऊन आडवा पडलेला असतो. अशा माणसाला नको ती वस्तूही हवीशी वाटते.”

“आणि मला घ्यायचं असेल तर?”

“तर तुम्ही आडवं पडायचं नाही. ताठ बसायचं. आधीपासून बोली लावून भाव चढवायचा नाही, शेवटच्या मिनिटाला लावायची. आपला आकडा ठरवायचा आणि त्यापुढं एक पेसेवा जायचं नाही. आणि मागचं झाकण उघडलेला फोटो मागितल्याशिवाय बोलीच नाही. तोंड बघून नवरा करावा, घड्याळ घेऊ नये.”

टीचरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि जाहिरातीतली माहिती मात्र स्वतःच्या मनानं लिहिली: ‘घड्याळ घरंदाज आहे. सध्या बंद आहे, त्यात त्याचा दोष नाही. मालक व्यायामात कमी पडले.’

दुसऱ्याच दिवशी ताकोराडीच्या एका दंतवैद्यानं विचारलं, ‘झाकण उघडून मशीन दाखवता का?’

अफ्रियेनं चाकूच्या पात्यानं झाकण उचकटलं. आत बघितलं. मग टीचरांकडे बघितलं. मग पुन्हा आत बघितलं.

“काय झालं?” टीचर म्हणाले. “गंज चढलाय का?”

“टीचर, प्लास्टिकला गंज चढत नाही.”

आत बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं मशीन होतं आणि त्याच्या कुशीत एक मेलेला सेल. हात हलवून ते चालणारच नव्हतं, पाय हलवूनही नाही. टीचरांनी डावा हात हळूच मांडीवर ठेवला, जणू त्याची माफी मागत होते.

“मी ही जाहिरात काढून टाकते,” अफ्रिये हलक्या आवाजात म्हणाली.

“काढू नकोस. दुरुस्त कर. चूक कळली की दुरुस्त करायची असते.” आणि त्यांनी सांगितलं, तिनं लिहिलं: ‘सोनेरी मुलामा. नाव खोटं, मशीन प्लास्टिकचं, सेल गेलेला. माजी विद्यार्थी संघानं निरोपाच्या वेळी दिलेली भेट. आधी चुकीची माहिती दिली, त्याबद्दल विक्रेता शरमिंदा आहे.’

टीचरांच्या मनात कुणाला उघडं पाडायचं नव्हतं. पण ती चार वाक्यं दुपारपर्यंत कोफोरिडुआहून अक्राला आणि अक्राहून लंडनला पोचली. वर्गणी दिलेले सगळेच जागे झाले. वीस सेडीपासून सुरू झालेली बोली संध्याकाळी चारशेवर गेली. अफ्रियेनं डोळे चोळले. इतका भाव तर तिच्या खऱ्या घड्याळालाही कधी आला नव्हता.

बोली चढवत होते दोघं. एक होता ‘प्रामाणिक ग्राहक’ असं नाव घेतलेला कुणीतरी. दुसरी पोकुआ, टीचरांची जुनी विद्यार्थिनी, अक्राच्या इस्पितळात नर्स. टीचरांनी तिला लगेच निरोप धाडला: ‘पोकुआ, घ्यायचं नसेल तर बोली लावू नये. हे अप्रामाणिक आहे.’

उलट उत्तर आलं: ‘सर, मला खरंच हवंय. नवऱ्याला देणार आहे. तोही वरून असाच सोनेरी आहे.’

मग प्रामाणिक ग्राहकाचा निरोप आला. ‘आदरणीय सर, ही जाहिरात तातडीनं बंद करा, मी हवे तेवढे पैसे देतो.’ टीचरांनी चष्मा पुसला. निरोप इंग्रजीत होता आणि ‘तातडीनं’साठीच्या शब्दातलं एक अक्षर गायब होतं. चार वर्षं एकच मुलगा ते अक्षर गायब करायचा, आणि चार वर्षं टीचर त्याखाली लाल रेघ ओढायचे.

“बेनेडिक्ट,” ते पुटपुटले.

“चेअरमन?” अफ्रिये जवळजवळ किंचाळलीच. “वर्गणी खाल्ली होय मेल्यानं!”

टीचरांनी त्याला एवढंच कळवलं, की लिलाव रविवारी दुपारी चार वाजता संपेल, नियम सगळ्यांना सारखा.

रविवारी छत्रीखाली बसायला जागा नव्हती. मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, केन्के, विकणारीनं धंदा सोडून स्टूल आणून टाकलं. चेअरमननं बोली वाढवायची, की लगेच पोकुआनं त्यावर चढायचं. दोन हजार. अडीच हजार. चार वाजायला एक मिनिट असताना चेअरमननं तीन हजारांच्या पुढं उडी मारली आणि सगळ्यांनी पोकुआची वाट पाहिली. तिची बोली आली नाही. वेळ संपली आणि खाली तिचं एक वाक्य उमटलं: ‘बस. घड्याळासाठी वर्गणी एवढीच जमली होती.’

सोमवारी सकाळी चेअरमन आले. गाडी पलीकडच्या गल्लीत ठेवून, घाम पुसत. सेरवानं पाणी दिलं आणि त्यांनी पेला खाली ठेवल्यावर रिवाजाप्रमाणे येण्याचं कारण विचारलं.

“घड्याळ न्यायला आलोय, आंटी.”

“कुठलं?” टीचरांनी विचारलं.

“ते… सोन्याचं.”

“या घरात सोन्याचं घड्याळ नाही.”

चेअरमननी दाराकडे पाहिलं. दारात शेजारीण उगाच झाडू मारत होती. “नकली,” ते कसेबसे म्हणाले. “सर, त्या वर्षी सिमेंट बंदरात अडकलं होतं, ते सोडवायला वर्गणी वापरली. वाटलं, आत्ता हे देऊ, पुढच्या महिन्यात बदलून देऊ. पुढचा महिना कधी आलाच नाही.”

“बेनेडिक्ट, पैसे राहू देत. तू मला सांगितलंस हात हलव. मी साडेसात वर्षं हलवला.”

टीचर रागानं उठून उभे राहिले आणि नेमका तोच हात वर झाला. ते बघून सेरवाचा बांध फुटला. तोंडावर पदर धरून ती हसत सुटली. दारातला झाडू गळून पडला. चेअरमन हसावं की रडावं या विचारात गुदमरले आणि टीचरही अखेर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“डॉक्टरनं परवाच सांगितलं,” सेरवा दम घेत म्हणाली, “या वयात यांच्यासारखा खांदा कुणाचा नाही.”

चेअरमननी पैसे मोजून दिले, घड्याळ खिशात घातलं आणि त्याच आठवड्यात खुर्ची सोडली. टीचरांनी सगळी रक्कम संघाच्या खजिनदाराला नेऊन दिली. तिचं काय करायचं यावर आतापर्यंत तीन सभा झाल्या आहेत. निर्णय नाही, पण चहापाणी उत्तम असतं.

बाकीची दहा घड्याळं हळूहळू गेली. ‘पट्टा फाटका, काच तडकलेली, वागणूक चांगली’ असं टीचर लिहीत आणि लोक डोळे मिटून घेत. आता दुपारी ते अफ्रियेच्या छत्रीखालीच बसतात आणि दुसऱ्यांच्या घड्याळांची माहिती लिहून देतात. मोबदला म्हणून तळलेला मासा आणि केन्के.

कपाट रिकामं झालं त्या रविवारी त्यांनी ताठ बसून, शेवटच्या मिनिटाला, ठरल्या आकड्याच्या आत एक छोटंसं बायकी घड्याळ घेतलं. झाकण उघडलेले चार फोटो आधी मागवून. सेरवा ते घालून चर्चला गेली. पाद्री प्रवचनात रंगले असताना तिनं तीनदा मनगट उंच करून पाहिलं. पहिल्या बाकावरूनच. त्या दिवशी प्रवचन वीस मिनिटं आधी आटोपलं.