सासूबाईंच्या समोरची भिंत

माझे थोरले दीर वर्षातून दोनदा येतात. येताना आईसाठी फळं आणतात आणि आमच्यासाठी उपदेश. फळं निदान संपतात.

या खेपेला त्यांचं लक्ष सासूबाईंच्या खोलीतल्या भिंतीवर गेलं. सासूबाईंना चालता येत नाही. तीन वर्षं त्या पलंगावर आहेत. उशीला टेकून बसल्या की समोर तीच भिंत, पिवळट, कोपऱ्यात पोपडे धरलेली.

"असल्या रंगानं माणूस खचतो," दीर म्हणाले. "शांत रंग हवा. मी वाचलंय यावर."

मोबाईलवर दोन मिनिटं काही पाहिलं की त्यांच्या लेखी ते वाचन.

"दादा म्हणतोय तर करून टाकू," माझा नवरा म्हणाला. दादा विहिरीत उडी मार म्हणाला असता, तर यानं टॉवेल घेऊ का एवढंच विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. दिरांनी रंगांच्या पुस्तकातल्या एका मेलेल्या हिरव्यावर बोट ठेवलं. रंगाऱ्यानं पुस्तक सासूबाईंपुढे धरलं. "आजी, तुम्हाला कुठला आवडतो?"

"अहो, तिला काय विचारता?" दीर हसले. "तिला आता काय कळतंय?"

सासूबाईंचे पाय गेलेत, डोकं नाही. रोजचा पेपर त्या पहिल्या ओळीपासून वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुकांना पेन्सिलीनं गोल करतात. त्यांनी झणझणीत केशरीवर बोट टेकवलं. "हा."

"भडक आहे, आई. डोळ्यांना त्रास होईल."

"कुणाच्या?"

दिरांनी हिरवा डबा मागवला.

सासूबाईंचा पलंग हॉलमध्ये हलवला. रंगाऱ्यानं पोपडे खरवडले, लांबी भरून खड्डे बुजवले, भिंत घासली, वाळल्यावर रंगाचा पहिला हात मारला. दीर देखरेख करत होते, म्हणजे खुर्चीत पाय पसरून फोनवर बोलत होते. संध्याकाळी मात्र रंगाऱ्याचा ब्रश हातात घेऊन उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला. शर्टावर एकही शिंतोडा नव्हता. तो त्यांनी बोटानं लावून घेतला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेला: 'आईची खोली, माझ्या हातांनी.' माझ्या नवऱ्यानं त्याला अंगठा दिला. त्या अंगठ्यापायी मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सकाळी दीर गेले. रंगारी दुसऱ्या हाताला लागणार तोच हॉलमधून आवाज आला, "थांबा! तो वर्षातून चार दिवस बघणार, मी बारा महिने. केशरी आणा."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पिशवी उचलून दुकान गाठलं.

हिरवा खालून डोकावत राहिला, म्हणून केशरीचे तीन हात मारावे लागले. पलंग परत आत नेला तेव्हा सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "भडकच आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या.

रविवारी दिरांचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन भिंतीकडे वळवला.

"हे काय! मी एवढं डोकं लावून रंग निवडला होता!"

"तुझं डोकं तुझ्या घरी लाव," सासूबाई म्हणाल्या.

आता दीर माझ्याशी बोलत नाहीत. मी आईचे कान भरले, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. आपल्या आईला स्वतःची आवड असते, हे मान्य करण्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं असावं. आणि त्यांच्या अबोल्याचं म्हणाल, तर घरात इतकी शांतता कुठल्याही रंगानं आली नसती.