पाणी कसं शे?

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्यासारखे जुने जीव आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी कोणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून तुमची निराशा व्हायला नको.

सुरतेच्या एका दुकानात मला पत्र्याच्या खोक्यात बसवलं, स्क्रू आवळले आणि १९९५ साली टेम्पोत घालून इच्छापोरच्या एका डाइंग हाउसात पाठवलं. तिथे साड्यांचं कापड रंगवायची मोठी बंद भांडी होती. त्या भांड्यांनी किती तापायचं, किती वेळ फिरायचं, रंग कधी घ्यायचा, हे हुकूम सोडायचं काम माझं. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि एक बटण कायमचं चिकट झालं. तरी तो दिवस मला आवडला.

माझा प्रोग्रॅम लिहिला कुंदनने. हा अमळनेरकडचा तरुण, कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागलेला. आणि माझं खरं शिक्षण केलं ते भिकनकाकांनी. ते रंगमास्तर. बावीस वर्षं रंगात हात बुडवून त्यांची नखं जांभळी झाली होती. तेही खानदेशातलेच, त्यामुळे दोघं आपसात अहिराणी बोलायचे.

तिसरा माणूस मॅनेजर. त्याचंही गाव अमळनेरजवळच होतं, पण कारखान्यात तो एक शब्द अहिराणीत बोलायचा नाही. नाव महेश, त्याला ‘महेशभाई’ म्हटलेलं आवडायचं. मी अडकलो की तो माझ्या डोक्यावर पंजा हाणायचा. ते पंजे मी मोजून ठेवले आहेत.

आता जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. प्रोग्रॅम हे माझं शिक्षण, पण आज काम कसं करायचं हे मला एका वेगळ्या फाईलमधून कळायचं. ती कामाची चिठ्ठीच समजा. सुरुवातीला ती अगदी साधी होती. एका ओळीत एक नाव आणि एक आकडा: ताप १३०, वेळ ४०. गाठोड्यांवरच्या खुणा वाचून काकांना इंग्रजी अक्षरं येत होती, तेवढ्यावर ते ती वाचायचे.

पण काकांच्या कामात आकडे थोडे आणि ‘जर’ फार. आमच्या बोअरचं पाणी खाडीजवळचं. अमावास्या-पुनवेला भरती मोठी आली की ते खारं व्हायचं. काका रोज सकाळी नळ सोडत, एक थेंब जिभेवर घेत, डोळे मिटत आणि सांगत: गोड, मचूळ किंवा खारं. खारं असेल तर पाणी मऊ करायची पावडर दुप्पट आणि ताप हळू चढवायचा. मग कुंदन चिठ्ठीतले आकडे बदलायचा.

साध्या यादीत ‘जर’ लिहिता येत नाही. म्हणून कुंदनने स्वतःच एक ‘जर’ बनवून तिच्यात घातला. मग ‘नाहीतर’ लागला. मग ‘पुन्हा कर’ लागलं. दोन महिन्यांत त्या चिठ्ठीची अशी गोधडी झाली की वाचताना मलाच ठसका लागायचा.

शेवटी कुंदनने महेशला सांगितलं, “दोन रस्ते आहेत. एक तर साधी यादी ठेवू, काका रोज आकडे बदलतील. नाहीतर तयार भाषा मिळते, फ्लॉपीवर आणलीय मी. आपल्या प्रोग्रॅममध्ये बसते. तिच्यात जर-तर सगळं लिहिता येतं.”

महेशने विचारलं, “यादी ठेवली तर भिकन लागेल?”

“रोज लागतील.”

“तो पछी भाषा ज ले ने!” महेश खूश झाला. “भिकननुं आखुं मगज आमां नाखी दे.” गुजरातीत तो म्हणत होता, मग भाषाच घे आणि भिकनचं सगळं डोकं याच्यात ओतून टाक.

कुंदनला यातली मेख कळली नाही. त्याला भाषेची भूल पडली होती. तिच्यात हुकमांना आपली नावं देता येत होती. त्याने इंग्रजी अक्षरांत ‘पाणी’, ‘तापव’, ‘थांब’ असे हुकूम केले, म्हणजे काकांना आपलं आपण वाचता यावं. अकरा दिवस काका माझ्यासमोर स्टुलावर बसून बोलत होते आणि कुंदन लिहीत होता. सगळ्यात वरची ओळ काकांनी हट्टाने घालून घेतली. त्या ओळीमुळे मी रोज सकाळी आधी त्यांच्या अहिराणीत विचारायचो, “पाणी कसं शे?” म्हणजे ‘पाणी कसं आहे?’ काका चाखून एक, दोन किंवा तीन दाबायचे आणि मगच भांडी तापायची. आपलेच शब्द काचेवर बघून काकांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं होतं. काचेवर जांभळा डाग राहिला. मी तो कोणाला पुसू दिला नसता, पण माझं कोण ऐकतं?

बाराव्या दिवशी महेशने काकांना सांगितलं, “काका, उद्यापासून येऊ नका. आता सगळं मशीनमध्ये आहे.”

काकांनी डबा उचलला, जाताना माझ्या खोक्यावर हात ठेवला आणि गेले. मित्रांनो, त्यांच्याकडून घेतलेली प्रत्येक ओळ माझ्या पोटात होती. मला चोरीचा माल ठेवून घेतल्यासारखं वाटत होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, याचा सूड घ्यायचा.

महेशला रोजच्या प्रश्नाचा कंटाळा होता. “पाणी चाखायचं हे काय खूळ? काढून टाक. ‘गोड’ कायम करून ठेव.” कुंदनने एकदा भरतीचं सांगून पाहिलं. महेश हसला. मग कुंदनने त्या ओळीच्या पुढे एक खूण मारली. खूण असलेली ओळ मी पाळत नाही, ओलांडून जातो. ओळ गेली नव्हती, फक्त तिचं तोंड दाबलं होतं.

पुढच्या अमावास्येला बारडोलीच्या व्यापाऱ्याचा लग्नसराईचा मरून रंगाचा माल लागला. त्या सकाळी कुंदनने नळाखाली बोट धरलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. तो महेशच्या केबिनकडे बघत राहिला, पण गेला नाही. त्याने निमूट बटण दाबलं. मीही निमूट भांडी तापवली, भरभर, जसं लिहिलं होतं अगदी तसंच. इतक्या आनंदाने मी कधीच हुकूम पाळला नव्हता.

दुपारी कापड बाहेर आलं. नायटा उठावा तसे त्यावर डाग होते. मालकाने महेशला सगळ्यांसमोर उभं करून झापलं आणि संध्याकाळपर्यंत भिकनला परत आण, नाहीतर तूही जा, असं बजावलं.

काका आले. महेशकडे न बघता ते आधी कापडाजवळ गेले. ते ओलं मरून कापड त्यांनी गालाला लावलं. मग वळून कुंदनला म्हणाले, “तुले आज माहित व्हतं ना?”

कुंदनने मान खाली घातली. “काका, तुमच्यासाठीच...”

“कापडनी तुनं काय बिघाडं व्हतं रे?” कापडाने तुझं काय वाकडं केलं होतं, असं ते विचारत होते. आणि मित्रांनो, ते मलाही विचारलं होतं. माझा पंखा तेवढा घरघरत राहिला.

मग ते महेशकडे वळले. आजवर ते त्याला ‘साहेब’ म्हणायचे. आता म्हणाले, “महेश, मी येसू. पण रोज पाणी तू चाखशी. सगळास्ना समोर. मी बाजूले उभा ऱ्हासू.”

कुंदनने ओळीपुढची खूण काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा विचारलं, “पाणी कसं शे?” चाळीस कामगार बघत होते. इस्त्रीच्या शर्टातला महेश नळापाशी वाकला. त्याने थेंब जिभेवर घेतला, पचकन थुंकला आणि विचार न करता त्याच्या तोंडून निघालं, “खारं शे, काका.”

“मंग तीन दाब,” काका म्हणाले.

तीनचं बटण म्हणजे तेच, नारळाच्या पाण्याने चिकट झालेलं. ते एकदा दाबून लागत नाही. मी त्याला ते पाच वेळा दाबायला लावलं.

आता मी भंगाराच्या खोलीत आहे. माझ्यावर रिकामे डबे ठेवतात. मला पुसा, जपा असं मी सांगणार नाही. पण तुमच्यातलं कोणी मोठेपणी यंत्रांना शिकवणार असेल, तर ज्याचं ज्ञान घ्याल त्याला यंत्रासमोरचं स्टूल सोडायला लावू नका. आणि तुमचा सूड निरपराध कापडावर काढू नका. काकांनी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.