अर्ध्याची दुप्पट आणि वर थोडं

बोलू का जरा? मी स्टॉपवॉच. नुसतं घड्याळ म्हणू नका, मला राग येतो. घड्याळ भिंतीवर टांगलेलं असतं आणि कोणी बघो न बघो, आपलं टिकटिकत बसतं. मी तसा नाही. मला चावी द्यावी लागते, अंगठ्यानं दाबावं लागतं, तेव्हा कुठे मी धावतो. पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो.

स्वभावानं मी थोडा खाष्टच. कारखान्यात डबीत घालण्याआधी मला डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं, त्याचा ताठा अजून गेलेला नाही. मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे माझे मित्र कमी.

एका शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी मला विकत घेतलं. त्यांच्या गळ्यात दोरी, दोरीला मी. पोरं धापा टाकत यायची आणि ओरडायची, "मास्तर, किती?" आकडा मनाजोगता नसला की एखादा शहाणा म्हणायचाच, "मास्तर, तुमचं घड्याळच चुकतंय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मास्तर मात्र हसायचे. "हो रे राजा, घड्याळच चुकतंय. तू कुठला चुकायला!"

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात जाऊन पडलो. शेजारी जुने चष्मे आणि संपलेले सेल. त्या वर्षांबद्दल मी बोलणार नाही, उगाच रडगाणं होईल.

मला बाहेर काढलं भिंगरीनं. ही मास्तरांची एकुलती एक लेक. लहानपणी घडीभर एका जागी ठरायची नाही, म्हणून घरात हे नाव पडलं. आता चाळिशी उलटलेली, शाळांचे गणवेश शिवायचं तिचं स्वतःचं दुकान. दिवसभर मशीनवर बसून कंबर धरली म्हणून पळायला लागली आणि पळता पळता नादच लागला. दहा किलोमीटरची शर्यत तिनं एका तासात पुरी केली. मग अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर. ती सव्वादोन तासांत. आता पूर्ण पळायची म्हणाली, बेचाळीस.

"किती वेळ लागेल गं?" मास्तरांनी विचारलं.

"सव्वाचार तास."

"अर्धीलाच सव्वादोन लागले. नुसती दुप्पट केली तरी साडेचार होतात."

"बाबा, तुम्हाला कापडातलं कळत नाही. एकच गणवेश बेतला की कापड वाया जातं. दोन एकदम बेतले की वाचतं. तसंच हे."

तिचा नवरा टेम्पो चालवतो. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मग चार मॅरेथॉन एकदम पळ की. एखादी फुकटात पडेल!"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मास्तर मला घेऊन शेवटच्या रेषेपाशी दोरीला खेटून उभे राहिले. माझ्या लहान काट्याला फक्त अर्धा तास मोजता येतो. तो पुरा झाला की मास्तर एक बोट मिटायचे. सव्वाचार तास झाले, भिंगरी नाही. साडेचार झाले, नाही. येणारा प्रत्येक चेहरा ते निरखून बघत होते. पाच तासांना दोन्ही हातांची बोटं संपली, तरी म्हातारा उन्हात तसाच उभा. भिंगरी कधीच रस्त्याच्या कडेला बसली होती. सव्वाचारच्या हिशोबानं सुसाट सुटली आणि तीस किलोमीटर ओलांडल्यावर पायांत असे गोळे आले की पाऊल उचलेना. तिला गाडीत घालून आणलं. जावई शोधत आला तेव्हा मास्तरांचे ओठ सुकले होते. ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं, असं म्हणत ती घरी जाऊन रडली.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, चाकांची खुर्ची आली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं, "एका वेळी तासभरच बसवायचं. मग आडवं करायचं." भिंगरीचे बूट माळ्यावर गेले.

एके सकाळी मास्तर म्हणाले, "भिंगरे, बूट काढ."

"नको बाबा. मागच्या वेळी माझ्यापायी तुमचे हाल झाले."

"मला तुला रेषा ओलांडताना बघायचंय. पण माझ्याकडे तासच आहे. तेव्हा कधी येशील ते सांग. खरं सांग."

भिंगरी हळूच म्हणाली, "साडेचार?"

मास्तरांनी उजव्या हातानं मला तिच्यासमोर धरलं, जणू साक्षीदारच. एकेक शब्द जोडत बोलू लागले. "दहाला तास. मग एकवीसला किती व्हायला हवे होते?"

"दोन तास आणि वरच्या एका किलोमीटरची सहा मिनिटं."

"लागले सव्वादोन. मधली मिनिटं कुठे गेली?"

"दमले होते ना बाबा!"

"मग बेचाळीसला दमणार नाहीस? अगं, कापड दमत नाही. माणूस दमतं."

भिंगरीनं मान डोलावली.

"शिवणीत माया सोडतेस ना, जास्तीचं कापड? इथेही सोड. अर्धीची दुप्पट, वर पंधरा मिनिटं. आणि लांब पळायचा सराव तुझा कमी, म्हणून आणखी थोडी. पावणेपाचच्या आत तू येत नाहीस, पाचच्या पुढे जात नाहीस."

"पाच तास? लोक हसतील!"

"हसू देत. लोकांना तासाभरात आडवं व्हायचं नसतं."

जावईबापू गंभीरपणे म्हणाले, "बाबांचं बरोबर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत." मग डोकं खाजवत म्हणाले, "पण अंथरूणच बेचाळीस किलोमीटरचं आहे."

पुढचे कितीतरी रविवार मी भिंगरीच्या मुठीत होतो. आधी ती सुटली की वाऱ्यावर स्वार व्हायची. आता सुरुवातीला स्वतःला आवरायला शिकली. लोक पुढे जायचे, ती जाऊ द्यायची. ते तिला सोपं गेलं नाही. एकदा तर एक आजोबा तिला मागे टाकून गेले, तेव्हा दात-ओठ खात पुटपुटली, "जा, जा! भेटा पुढे!"

शर्यत पुन्हा आली. सुरू व्हायच्या वेळी मास्तरांनी घरीच, पलंगावर पडल्या पडल्या, माझं बटण दाबलं. जावयाला दम धरवेना. "बाबा, लवकरच निघू या. चुकामूक नको."

"नाही. तिनं वेळ दिलीय."

साडेचार तास झाले तेव्हा मास्तर रेषेपाशी खुर्चीत होते. डावा हात वळत नव्हता, म्हणून पाच बोटं त्यांची आणि पुढची जावयाची. पावणेपाच झाले. भिंगरी नाही. मास्तरांची मान कलायला लागली.

"बाबा, आडवं व्हायचं का?"

"गप्प बस."

खरं सांगतो, माझ्या काट्यांना कधी कोणाची दया आली नाही. त्या दिवशी मात्र जरा हळू चालावं असं वाटलं. जमलं नाही, जन्माची खोड.

आणि मग वळणावर ती दिसली. चेहरा लाल, खांदे पडलेले, पण पळत होती. चालत नव्हती, पळत होती! मास्तरांनी उजवा हात उंच केला, मी हातातच, आणि ओरडले, "भिंगरे!" कितीतरी महिन्यांत त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द आला नव्हता. तिनं ऐकलं. रेषा ओलांडून तशीच खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. ते तिच्या घामेजल्या केसांवर हात फिरवत राहिले. मी त्या हाताच्या मनगटाला लोंबकळत होतो.

परतताना टेम्पोत तिनं विचारलं, "बाबा, किती लागले?"

मास्तरांनी मला उचलून बघितलं. मी धावतच होतो. बटण दाबायचं राहून गेलं होतं.

"विसरलो गं," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. एरवी असला गलथानपणा मी खपवून घेतला नसता. त्या दिवशी मला अजिबात राग आला नाही. शर्यतवाल्यांनी मोजलेली खरी वेळ फोनवर आलीच असेल. मला कोणी वाचून दाखवली नाही आणि मीही विचारली नाही.

आता मी मास्तरांच्या उशाशी असतो. ऐकणार असाल तर एवढंच सांगतो. घरी कोणी तुमची वाट बघत असेल तर त्याला बरी वाटेल ती वेळ सांगू नका, खरी सांगा. चार लोक हसले तर हसू देत.

चला, मला काम आहे. मास्तर आज पहिल्यांदाच कठड्याला धरून दारापर्यंत चालणार आहेत. "किती वेळ लागेल, बाबा?" भिंगरी विचारतेय. मास्तर दाराकडे बघतात, आपल्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "भरपूर लागेल. थांबशील ना?"