पाणीवाली

पुस्तक हातात आल्यावर एर्लिंदाबाईंनी ते लगेच उघडलं नाही. आधी नाकाशी धरून हुंगलं, मग पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, मग एका पानाचा कोपरा दोन बोटांत धरून चुरचुरवून पाहिला. समोर उभा असलेला लिसेन्सियादो उर्किसा घड्याळाकडे बघत होता. बाई पुस्तक घेतायत की पपई, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

“कागद बरा आहे,” बाई म्हणाल्या. “जरा जास्तच पांढरा. पण शाई पितो.”

“म्हणजे पसंत?”

“कागदाचं बोलले मी.”

मेक्सिको शहराच्या लागुनिया बाजारात दर रविवारी जुन्या चित्रकथांची एक गल्ली भरते, आणि त्या गल्लीत पुनर्मुद्रणाचा निकाल लावायची एकच रीत आहे. नवी आवृत्ती आली की दुकानदार ती अकरा वाजेपर्यंत विकत नाहीत. अकराला एर्लिंदाबाई तोवार येतात, पिशवीतून भिंग काढतात, तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, फडक्यात गुंडाळलेला मूळ अंक शेजारी ठेवतात आणि पान पान ताडून बघतात. पुस्तक आवडलं तर घासाघीस न करता एक प्रत घेऊन जातात. नाही आवडलं तर मिटून टेबलावर पालथं ठेवतात. शिव्या नाहीत, भाषण नाही. पण बाईंनी पालथं घातलेलं पुस्तक मग कुणी उलटं करत नाही.

बाई कोण, याची गल्लीने फारशी चौकशी केली नव्हती. त्रेसष्ट वर्षांची विधवा, सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसलेली, एवढं पुरे होतं. नात्याची ना गोत्याची, म्हणूनच तिचा शब्द खरा. ‘बंदरावरची तोमासा’ या जुन्या साप्ताहिकाचे सगळेच्या सगळे अंक साऱ्या शहरात तिच्याकडेच होते, हेही होतंच.

आणि म्हणूनच उर्किसा आला होता. इथे पदवी घेतलेल्या प्रत्येकाला लिसेन्सियादो म्हणतात. न घेतलेल्यालाही म्हणतात, त्याने टाय बांधला असेल तर. उर्किसाने रविवारीही बांधला होता. ‘तोमासा’चे पहिले बारा अंक तो एका जाड पुस्तकात काढत होता. त्यातल्या अकरा अंकांची चित्रं बाईंच्याच प्रतींवरून घेतलेली, हे त्याने वारंवार सांगितलं. सोबत यादिरा नावाची तिशीची बाई होती. पानं कॉम्प्युटरवर साफ करण्याचं काम तिचं.

“शेवटचं पान तर बघा, डोन्या एर्लिंदा,” उर्किसा अदबीने म्हणाला.

शेवटच्या पानावर तपकिरी अक्षरांत छापलं होतं: ‘मूळ अंकांशी ताडून पाहिले. हुबेहूब आहे.’ आणि खाली, वेगळ्या ओळीत: एर्लिंदा तोवार.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. छापलेलं आपलं नाव त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. लग्नपत्रिकाही हाताने लिहिलेल्या होत्या त्यांच्या. छातीत काहीतरी लहान मुलासारखं उडी मारून गेलं, आणि त्यांना त्याचा रागही आला.

“हा नुसता नमुना. उद्यापासून बाकीच्यांची बांधणी,” उर्किसा म्हणाला. “या कागदावर तुमची सही तेवढी हवी. तुम्ही हुबेहूब म्हटलं की गल्ली डोळे मिटून घेते.”

“गल्लीने डोळे मिटले तरी मला उघडे ठेवावे लागतात. बसा.”

अबुंदिओने, म्हणजे ज्याच्या दुकानावर हे चाललं होतं त्या म्हाताऱ्याने, स्टूल पुढे सरकवलं. चार नेहमीचे संग्राहक जवळ सरकले. बाई एकेक अंक बघू लागल्या. आणि खरं सांगायचं तर काम चांगलं होतं. तपकिरी शाई नेमकी जुन्यासारखी. भिंगाखाली छपाईचे ठिपके सुटे सुटे, चिकटून काळे गोळे झालेले नाहीत. तोमासाच्या गालाखालची सावलीसुद्धा जिथल्या तिथे.

“हात चांगला आहे हिचा,” बाई यादिराकडे बघून म्हणाल्या. यादिराचा चेहरा फुलला.

मग नववा अंक आला.

नवव्या अंकात वादळाची रात्र आहे. धोबीण तोमासा कंदील घेऊन धक्क्यावर नवऱ्याला शोधायला निघते. बाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा उलटलं. मूळ अंक फडक्यातून काढून शेजारी ठेवला. मग त्या इतक्या हळू बोलल्या की चौघांना वाकावं लागलं.

“ही भर दुपारी कंदील घेऊन कुठं निघालीय?”

नव्या पुस्तकात आकाश पांढरं स्वच्छ होतं. समुद्र पांढरा, धक्का पांढरा. नुसत्या रेषांची एक बाई पांढऱ्याफटक उन्हात कंदील उंच धरून ओरडत होती. एक संग्राहक फिसकन हसला.

“हां, हे,” उर्किसा उत्साहाने म्हणाला. “या एका अंकाची मूळ चित्रं सापडली आम्हाला! छापलेल्या प्रती नाहीत, हाताने काढलेले कागद. गोदामात होते. म्हणून हा अंक तुमच्या प्रतीवरून न घेता थेट त्यांच्यावरून घेतला. अस्सल म्हणजे अस्सल. कागदांची दशा मात्र विचारू नका. सगळीकडे कॉफी सांडलेली. हिने तीन आठवडे बसून डाग काढले.”

“डाग,” बाई म्हणाल्या.

“तपकिरी होतं ना सगळं,” यादिरा पहिल्यांदाच बोलली. “इतर मूळ चित्रांत छाया करड्या शाईची असते. इथे रेषा काळी आणि वर नुसती कॉफी. मला वाटलं, कुणाचा तरी पेला लवंडला.”

“सांडली नव्हती,” बाई म्हणाल्या. “मी लावली होती.”

अठराव्या वर्षी एर्लिंदा ‘तोमासा’च्या छापखान्यात लागली होती. एका लांब टेबलाशी सहा मुली बसायच्या. चित्रकार डॉन सेलेदोनिओ रेषा काढून द्यायचा, आणि मुली पातळ शाईने त्यावर संध्याकाळ, धूर, ओले रस्ते, रडके डोळे भरायच्या. त्यांना कुणी चित्रकार म्हणत नसे. पाणीवाल्या म्हणत. अंकावर नाव एकट्या सेलेदोनिओचं. नवव्या अंकाच्या दिवशी चारला प्रेसचा माणूस पानं न्यायला यायचा होता आणि दोनला शाईची बाटली फुटली. दुसरी बाटली शनिवारशिवाय मिळत नसे. एर्लिंदाने खानावळीतून कॉफीचं भांडं उचलून आणलं आणि वादळ त्यात रंगवलं. पुढच्या आठवड्यात छापलेला अंक बघून सेलेदोनिओ म्हणाला, “वादळ बरं उतरलंय,” आणि त्याने सिगारेट पेटवली. बाईंच्या कामाची जन्मात झालेली स्तुती ती एवढीच. मग लग्न झालं, छापखाना बंद पडला, दवाखान्याची खिडकी आली. आपले अंक त्यांनी या बाजारातून एकेक करून परत गोळा केले, आणि गल्लीत चकार शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांच्या भिंगावर कुणी विश्वास ठेवला असता?

तेच झालं. उर्किसा मागे रेलला.

“असं होय! म्हणजे आपला तो बाब्या. मी म्हटलं बाई एवढ्या का चिडल्या. डोन्या एर्लिंदा, निकाल देणाऱ्यानेच फिर्याद करायची म्हणजे...” तो चौघांकडे वळला. “आणि पुरावा? कुणीही म्हातारी उद्या म्हणेल, हे मी रंगवलं.”

चौघे जमिनीकडे बघत होते. अबुंदिओसुद्धा. वीस वर्षं जिला दुधाचं दूध, पाण्याचं पाणी करणारी म्हणून मान दिला, ती पाणीवालीच निघावी, हे त्याला पचत नव्हतं.

बाईंची कानशिलं तापली. पण आवाज चढला नाही. त्या यादिराकडे वळल्या.

“पोरी, तुला कागद मिळाले तेव्हा सातवं आणि आठवं पान एकमेकांना चिकटलेलं होतं. खरं की खोटं?”

यादिराने हळूच मान हलवली.

“आणि आठव्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं समुद्र सगळ्यात काळा आहे, तिथं मुंग्यांनी कागद खाल्ला असणार. खानावळीची कॉफी होती ती. गूळ घातलेली. मी सातवं पान वाळायच्या आत आठव्यावर ठेवलं. घाई होती. तेवढी एक चूक माझी.”

“वाफ देऊन सोडवली मी ती दोन पानं,” यादिरा म्हणाली. “हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लिसेन्सियादोंनाही नाही. फाटली असती तर बोलणी बसली असती.” मग ती उर्किसाकडे न बघता म्हणाली, “कोपऱ्यात भोकं होती. बारीक बारीक.”

उर्किसाने टाय सैल केला. मग तो हसला, आणि हसणं बरं होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त सोमवार गाठायचा होता.

“ठीक. माझी चूक. मग असं करू. पहिलं पान अजून बदलता येतं. सेलेदोनिओंच्या नावाखाली तुमचं नाव टाकतो. छायांकन: एर्लिंदा तोवार. मोठ्या अक्षरात. नववा अंक आता पुन्हा करायला वेळ नाही, तो असाच जाईल. पण नाव लागेल, सेन्योरा. पंचेचाळीस वर्षांनी. करा सही.”

बाईंनी पेन घेतलं, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांना ते नाव हवं होतं. टेबलाशी बसलेल्या बाकीच्या पाच जणींतल्या तिघी मेल्या होत्या, आणि कुणाचंच कुठे नाव नव्हतं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“पाणी पुसून टाकलंत, आणि वर पाणीवालीचं नाव छापता? उद्या कुणी हे पान बघून म्हणेल, ही एर्लिंदा तोवार आंधळी होती का? वादळ दिसलं नाही हिला?”

“लोकांना काय कळतंय!”

“यांना कळतं.” बाईंनी चौघांकडे बोट केलं. “मान खाली घालून उभे आहेत, पण कळतं.” मग त्यांनी गल्लीच्या तोंडाशी हाक मारली. “चोना! एक कॉफी. बिनगुळाची.”

“काय गं गोरे?” डोन्या चोना भांड्यामागून ओरडली. बाईंचा रंग भाजल्या कोकोचा, पण बाजारात प्रत्येक बाई गोरीच असते. “बिनगुळाची? कोण आजारी आहे?”

“तुझ्यासाठी वेगळी ठेवतेस ना, साखरेच्या त्रासाची? ती दे. काळीकुट्ट.”

कॉफी आली. जुन्या पानांवरची धूळ झाडायचा मऊ ब्रश बाईंच्या पिशवीत असतोच. तो त्यांनी पेल्यात बुडवला, कडेला निथळला आणि उर्किसाच्या कोऱ्या करकरीत पुस्तकाच्या पांढऱ्या आकाशावर ठेवला.

“अहो!” उर्किसा उठला.

“बसा. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

ब्रश वरून खाली येत गेला. पहिला हात फिका, ओल्यावर दुसरा हात गडद. कागद खरंच शाई पीत होता. धक्क्याच्या कडेला आल्यावर हात थबकला, कंदिलाभोवती एक गोल कोरडा ठेवून वळसा घालून गेला, आणि ती कंदीलवाली एकदम अंधारात उभी राहिली. आता ती ओरडत होती ते कशासाठी, ते कळत होतं. अबुंदिओने मूळ अंक उचलून शेजारी धरला. त्याच्या बापाने हा अंक दोरीला टांगून वाचायला भाड्याने दिला होता आणि अबुंदिओ लहानपणी या पानाला भ्यायचा.

“हुबेहूब,” चौघांतला एक म्हणाला. मग जीभ चावली, कारण हा शब्द बाईंचा होता.

उर्किसाने सहीचा कागद घडी करून खिशात घातला. “शेवटचं पान कोरं जाईल मग.”

“जाऊ दे.”

“आणि विकलं नाही गेलं तर?”

“तुमच्या धंद्याचं मला कळत नाही. रात्र कशी असते तेवढं कळतं.”

“ही प्रत ठेवा. खराबच झालीय,” तो म्हणाला आणि निघाला. यादिरा दोन पावलं जाऊन परत आली, बाईंचा ब्रश हातात घेऊन त्याचे केस बघितले, आणि परत दिला.

उर्किसाने नमुन्यादाखल आणलेली दुसरी प्रत टेबलावर राहिली होती. बाईंनी ती उचलली, मिटली आणि पालथी घातली. गल्लीतली दुकानं पुन्हा बोलू लागली.

दोन वाजेपर्यंत कॉफीचं पान वाळलं. थोडं सुरकुतलं होतं. बाईंनी अबुंदिओकडून ब्लेड मागून घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि ‘हुबेहूब आहे’ खालची आपल्या नावाची ओळ अलगद कापून काढली. नखाएवढी पट्टी. मग पेला घेऊन स्वतः चोनाकडे गेल्या आणि या वेळी मोठ्या भांड्यातली घेऊन आल्या, दालचिनीची, दाट गुळाची. त्यात बोट बुडवलं, पट्टीच्या पाठीला लावलं आणि वादळाच्या पानावर, सगळ्यात काळ्या समुद्राच्या कोपऱ्यात, अंगठ्याने दाबून ती चिकटवली. उरलेली कॉफी उभ्यानेच पिऊन टाकली.

अबुंदिओने ते पुस्तक उघडं धरून बापाच्या जुन्या चिमट्याने दोरीला अडकवलं. मग चष्मा वर करून ती पट्टी जवळून बघितली.

“मुंग्या लागतील, डोन्या एर्लिंदा.”

“लागू देत.”