गाण्यासकट निळी

"देशील तवा रिकामी देवू नको गो पोरी. गाना घालून दे."

विठामावशीचा हा आवाज नेत्राच्या कानात अजून तसाच होता. मिश्रीनं जरा घोगरा झालेला, पण सुराला पक्का. विठामावशी म्हणजे बदलापूर गावातली धवलारीण, लग्नातले धवले म्हणणारी. तिनं धवला म्हटल्याशिवाय गावातल्या नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. राहायची नेत्राच्या शेजारच्याच घरात. दिवेलागणीला नेत्राच्या ओट्यावर येऊन टेकायची आणि म्हणायची, "काढ तुजी निली."

निळी म्हणजे नेत्राचं चार तारांचं युकुलेली. लेकीच्या गॅदरिंगसाठी आणलेलं, प्लायवूडचं, खेळण्यासारखं निळंशार. गॅदरिंग झालं, लेकीनं ते कपाटावर टाकलं आणि नेत्रानं धूळ पुसून खाली काढलं. मोबाइलवर बघून बघून कॉर्ड शिकली आणि त्यावर तिनं मावशीचा हळदीचा धवला बसवला. मावशी आधी हसली. "गिटारीचा पिल्लू हाय जनू!" मग तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.

तो धवला मावशीनं दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. पोटच्या लेकीलाही नाही, कारण लेकीच्या गळ्यात सूर नव्हता. नेत्राला दिला तो अट घालून. शेजारणीला भांडं परत देताना कुणी रिकामं देत नाही, दोन दाणे तरी घालतातच. वाद्याचंही तसंच, असं मावशीचं म्हणणं. "दुसरी घेशील तवा ही कुनाच्या तरी हाती जायल. तिच्यात माजा गाना घाल. नाय तं तो तुज्यासंगती जायल."

"घालीन मावशी," नेत्रानं तुळशीवर हात ठेवून सांगितलं होतं.

पुढं मावशी गेली. धवला नेत्रापाशी राहिला.

नेत्रा तशी शब्दाची बाई. गुरुवार, संकष्टी, पोथीचा रोजचा अध्याय, यातलं काही चुकायचं नाही. अंगात ताप असला तरी तुळशीपुढं दिवा लावून मगच गोळी घ्यायची. मोठ्यानं बोलणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं. "नेत्राच्या घरी देव बिनभाड्याचा राहतो," असं भजन मंडळातल्या बाया म्हणायच्या.

पण निळीची एक खुंटी घसरायची. मंडळात पेटीशी सूर जुळवेपर्यंत निम्मा अभंग होऊन जायचा. शेवटी एके दिवशी नेत्रा उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेली. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक महोगनीचं युकुलेली काढलं. बदामी, तुकतुकीत नाही, पण हात फिरवावा असं.

"भाभी, पुरानावाला बच्चों का था. ये अंदर से बोलता है," म्हणत त्यानं एक तार छेडली. बाहेर हातगाडीवाले ओरडत होते, तरी तो सूर दुकानात रेंगाळत राहिला. नेत्राचा जीव तिथंच अडकला. पॅक करताना तो म्हणाला, "बस, तारें नई हैं. थोडे दिन नखरे करेंगी. रोज मिलाते रहना, बैठ जाएँगी."

घरात नवी आली, तशी निळी धाकट्या जावेला द्यायचं ठरलं. दीर वेगळा झाल्यापासून सोनिया जवळच्याच चामटोलीला राहायची. बडबडी, हसरी, आणि उपासतापासाशी तिचं वाकडं. "ताई, माझा उपास वडापावच्या गाडीपर्यंतच टिकतो," असं देवघरासमोर उभी राहून बिनदिक्कत सांगायची. तिचा गळा मात्र गोड होता. नेत्राला ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

नेत्रानं निळीला हळदकुंकू वाहिलं. सोनियाची खणानारळानं ओटी भरली. सगळं रीतसर केलं. गाणं तेवढं दिलं नाही. आधी तिला नीट धरता तर येऊ दे, मग शिकवू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि संध्याकाळी देवालाही तेच सांगितलं.

सोनियाला धरता यायला वेळ लागलाच नाही. दीर, कैलास, मोबाइलवर तिचे व्हिडिओ दाखवत फिरू लागला. "वहिनी, बघा तरी! पोळ्या लाटता लाटता मधेच वाजवते." नेत्रानं बघितले. स्क्रीनवर तिची निळी दुसऱ्याच्या कुशीत होती आणि खिदळत होती. तिच्याकडे असताना ती कधी अशी वाजली नव्हती. मंडळात तर कहरच झाला. सोनिया पाहुणी म्हणून आली, एक गौळण वाजवली आणि पेटीवाल्या सरस्वतीकाकू म्हणाल्या, "काय गं नेत्रा, एवढं चांगलं वाजणारं दिलंस कशाला?"

नेत्रा हसली. आणि पुढच्या अभंगाचं पान शोधू लागली.

त्यानंतर दिवा लावताना ओठांवर नाव देवाचं असायचं आणि कानात वाजायची निळी. एकदा तर हात जोडलेले असताना मनात आलं, तुटू दे एखादी तार. ती दचकली. कान पकडले, पोथीचा आणखी एक अध्याय वाचला. अध्याय संपला, पण तार तुटायची इच्छा काही संपली नाही.

अशात विठामावशीच्या नातीचं, तेजस्वीचं लग्न ठरलं. लग्न अंबरनाथच्या हॉलवर, हळद गावात, मावशीच्या अंगणात. तेजस्वी स्वतः नेत्राकडे आली. "काकी, बेंजोवाला तर सांगितलाय. पण हळद लावताना आजीचाच धवला पायजे. तो फक्त तुलाच येतो."

फक्त तुलाच! कितीतरी दिवसांनी नेत्राला जेवण गोड लागलं.

मंगळवारी दुपारी तिच्याच घरी तालीम ठेवली. मंडळातल्या बाया, तेजस्वी, आणि निळी खांद्याला लावून सोनिया. नेत्रा नवी घेऊन मधोमध बसली आणि सुरुवात केली.

"हलद आली गो शेताचे बांधानी,
नवरी बसली गो आयसचे मांडीनी…"

दुसऱ्या ओळीला तार उतरली. नेत्रानं खुंटी पिळली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा उतरली, आता दुसरीच. सूर जुळवून होईतो बायांच्या गप्पा साड्यांवरून कॅटररवर गेल्या. तिसऱ्या खेपेला तार अशी काही भेसूर बोलली, की नेत्राचा गळाही तिच्यामागं खाली घसरला.

"नव्या तारा आहेत," ती पुटपुटली.

"सोनियाकाकी, तू दे ना साथ," तेजस्वी म्हणाली. "तुझी निळी तर सुरात आहे."

"आता खुंटी घसरत नाही तिची," सोनिया उत्साहानं सांगू लागली. "मागं बारीक स्क्रू होता, सुरीच्या टोकानं आवळला. झालं!"

एका स्क्रूसाठी आपण वाद्य बदललं! नेत्राची नजर नवीच्या खुंट्यांवर गेली. सोनियानं हलकेच तारा छेडल्या, एक कॉर्ड धरून थांबली आणि विचारलं, "ताई, पुढं कुठली?"

सगळ्या नेत्राकडं बघू लागल्या. सांगायचं होतं ते फक्त एक बोट कुठं ठेवायचं एवढंच.

"हे गाणं निळीवर बसत नाही," नेत्रा म्हणाली.

तेजस्वीनं मान वर केली. "बसतं की काकी. आजी निळीवरच ऐकायची. मी असायचे ना ओट्यावर."

 सरस्वतीकाकूंनी पेटीचा भाता उगाच लावून टाकला. "माझ्या तारा बसतील तोवर," नेत्रा कशीबशी म्हणाली. तेजस्वीनं तिचा हात दाबला. "नाय जमलं तर राहू दे, काकी. टेन्शन नको घेऊस. बेंजोवाला आहेच." ती अगदी मायेनं बोलली. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाया गेल्या. सोनियानं न सांगता चहाचे कप विसळले, हात पुसले आणि निळी कव्हरसकट बाहेर ओट्याच्या कट्ट्याला टेकवून ठेवली.

"ही ठेवा ताई."

"म्हणजे?"

"तुमचा जीव आहे हिच्यात. मी वाजवते तेव्हा तुम्ही माझ्याकडं नाही, हिच्याकडं बघता. मला कळतं हो, मी काय आंधळी आहे?" सोनिया नेहमीसारखी हसली, पण डोळे निळीवरच होते. "हळदीला तुम्ही हिच्यावरच वाजवा. माझं काय, मला लाटणं आहे वाजवायला." आणि चप्पल घालून गेलीसुद्धा.

निळी परत आली होती. न मागता! नेत्रानं तिला आत आणून दार लोटलं, घाईनं कव्हर उघडलं आणि मांडी घालून धवला सुरू केला. सूर काटेकोर लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आता हळदीला गाव ऐकेल, आणि पुन्हा सगळ्या म्हणतील, हे फक्त नेत्रालाच येतं. तिनं तिसरं कडवं धरलं आणि का कोण जाणे, खिडकीतून ओट्याकडे बघितलं. मावशी बसायची ती जागा रिकामी होती. ऐकायला कुणीही नव्हतं.

ती थांबली. निळी परत कव्हरात घालायला लागली, तर बाहेरच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. फडक्याची पुरचुंडी होती. सोडली तर आत तांदूळ. चामटोलीचे, यंदाचे, वास अजून नवा. वर गुळाचा खडा.

तिनं सोनियाला फोन लावला. "हे तांदूळ गं कसले?"

"अहो ताई, निळी रिकामी कशी परत द्यायची? बरं नाही वाटत." पलीकडून रिक्षाचा आवाज येत होता. "सकाळीच बांधून ठेवले होते. खीर करा."

म्हणजे सोनिया सकाळीच निळी द्यायचं ठरवून मग आली होती. तालमीच्या आधी. ते खोटं बोलणं ऐकायच्याही आधी.

नेत्रानं पुरचुंडी मांडीवर घेतली. न चुकवलेले गुरुवार आठवले, संकष्ट्या आठवल्या. त्यातलं एकही आज तिच्या बाजूनं बोलायला उठेना.

मग ती उठली. तांदळातली चिमूट देवापुढं ठेवली. दिवेलागणीला अजून अवकाश होता, तरी तुळशीपाशी निरांजन लावलं, कारण परतायला किती उशीर होईल कोण जाणे. नवीला कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि निळी खांद्याला लावली.

मत्सर गेला नव्हता. चपला घालताना तोही शेजारी उभाच होता. सोनिया हे गाणं आपल्यापेक्षा गोड म्हणेल, हळदीच्या अंगणात बाया तिच्याकडं बघतील, हे सगळं नेत्राला आत्तापासून दिसत होतं. तिनं कडी लावली. कुलूप ओढून बघितलं.

नाक्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं, काकी?"

"चामटोली," ती हळू आवाजात म्हणाली आणि बसता बसता पहिलं कडवं मनात म्हणून बघितलं, शिकवताना कुठं अडायला नको म्हणून.