हलकं झालेलं पुस्तक

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. उशिरा आलेले आईबाप भिंतीला टेकून, पुढच्यांच्या खांद्यावरून माना उंच करून बघत होते. मंचावर मोठा पितळी तराजू टांगलेला होता. त्याच्या एका पारड्यात वजनं होती आणि दुसऱ्यात एक जाडजूड पुस्तक, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या वाटेला नव्यानं लागणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं. दांडी अगदी आडवी होती.

पुस्तकांची तुला, म्हणजे वजन, करतात म्हणून तुलागुरुजी म्हणवणाऱ्या गुरुजींनी ते पुस्तक दोन्ही हातांनी उचलून तांब्याच्या थाळीवर उभं केलं. थाळीखाली दिवे तेवत होते. पुस्तकावर पातळ रेशमी वस्त्र पडलं आणि ज्ञानावर नजर पडू नये म्हणून गुरुजींनी त्याच्याखालूनच पानं पंख्यासारखी फाकवली. समोर एक मुलगी डोळे मिटून बसली आणि गुरुजींचं बोलणं सुरू झालं. ज्ञान म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, हे तर विज्ञानच सांगतं. मग पुस्तकातलं ज्ञान मुलाच्या डोक्यात उतरलं तर पुस्तक हलकं व्हायलाच हवं की नाही? लोक माना डोलावत होते. गुरुजी मधूनच 'क्वांटम' म्हणत, मधूनच 'कंपन', आणि दोन्ही शब्द अशा थाटात उच्चारत, जणू ते त्यांच्या घरच्या गड्यांची नावं आहेत.

बऱ्याच वेळानं वस्त्र दूर झालं आणि पुस्तक पारड्यात परत गेलं. दांडी या खेपेला आडवी राहिली नाही. पुस्तकाचं पारडं सावकाश वर गेलं आणि तिथंच थांबलं. हॉलभर एक सुस्कारा पसरला. एका आईनं तर डोळ्यांना पदर लावला.

हे सगळं तिसऱ्या रांगेतून बघणाऱ्या बाई मात्र दातओठ खात होत्या. बाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. पारड्यातलं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं होतं, आणि डोळे मिटून बसलेली मुलगी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, त्यांची सख्खी भाची होती.

बाई तयारीनं आल्या होत्या. तराजूत लोहचुंबक दडवलेला असणार, अशी त्यांची खात्री होती. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉनिक काटा पिशवीत घालून आणला होता आणि सुरुवातीलाच मंचावर जाऊन त्यावर पुस्तकाचं वजन करून ठेवलं होतं. गुरुजींनी जराही आढेवेढे घेतले नव्हते, हे खरं तर त्यांना तेव्हाच खटकायला हवं होतं. आता गुरुजींनी त्यांना पुन्हा बोलावलं, पुस्तक त्यांच्याच काट्यावर ठेवायला लावलं आणि माइक त्यांच्या हातात दिला.

"बाई, तुमचा काटा, तुमचं पुस्तक. आकडा तुम्हीच वाचा."

बाईंनी आकडा वाचला. पुस्तक खरोखरच पन्नासएक ग्रॅमनं हलकं झालं होतं. टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की, एवढ्या वस्तुमानाची खरंच ऊर्जा झाली असती तर हा हॉल उरला नसता, गावही उरलं नसतं. पण ते कुणाला कळलंच नाही. कळायला ते पुस्तक वाचलेलं असावं लागतं, आणि तिथल्या कुणीही ते वाचलेलं नव्हतं.

खरा घोळ त्यापुढचा होता. गुरुजींची अट अशी की, तुला झालेलं पुस्तक परीक्षा होईपर्यंत उघडायचं नाही. उघडलं की डोक्यात उतरलेलं ज्ञान पुन्हा पानांत जाऊन बसतं.

पंधरवड्यात घरोघरच्या पुस्तकांची तुला झाली. मग एके दिवशी बाईंनी वर्गात ऋतूंचा धडा काढायला सांगितला. निम्मा वर्ग हाताची घडी घालून बसून राहिला. पुस्तकं समोर होती, पण दोऱ्यानं करकचून बांधलेली. एका मुलीनं उभं राहून अदबीनं सांगितलं की घरून सक्त ताकीद आहे. बाईंनी विचारलं, ठीक आहे, उन्हाळा कशानं होतो ते तोंडी सांग. पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून, असं उत्तर आलं आणि दोरेवाल्या सगळ्यांनी माना हलवल्या. पृथ्वीचा आस कललेला असतो, हे त्या दोऱ्याच्या आत, चांगली मोठी आकृती काढून, छापलेलं होतं. बाईंना खडू भिंतीवर भिरकावून द्यावासा वाटला.

त्यात दुपारी प्रकाशकाचा फोन आला. गडी हवेत होता. पुस्तकाला कधी नव्हे एवढी मागणी आली होती, नवी आवृत्ती काढू या म्हणत होता. बाईंनी सांगितलं की लोक ते वाचण्यासाठी घेत नाहीत, बांधून ठेवण्यासाठी घेतात. प्रकाशक हसला आणि म्हणाला की आपण पुस्तक विकतो, पुढचं ज्याचं त्यानं बघावं. बाईंनी फोन ठेवून दिला. इतक्या मेहनतीनं, एकेक आकृती चारचारदा काढून लिहिलेल्या पुस्तकाचा ताईत झाला होता.

संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. भाचीला खगोलशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता आणि प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती. ती खिडकीशी रिकाम्या हातानं बसली होती. बाईंनी बहिणीला समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. बहीण जागची हलली नाही.

"ताई, वजन कमी झालं की नाही? तूच वाचलंस ना?"

आकडा त्यांनीच वाचला होता, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. बहीण चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी कपाटावरचं पुस्तक खाली काढलं. भाची घाबरून म्हणाली, "मावशी, उघडू नकोस." बाईंनी उघडलं नाही. नुसतं कडेनं बघितलं. पानांच्या कडा लाटांसारख्या वरखाली झाल्या होत्या. पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला होता. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. कोंदट वास येत होता, बंद मोरीला येतो तसा.

तुलेच्या आधी पुस्तक कुठं होतं, हे त्यांनी भाचीला विचारलं. मौनकक्षात, ती म्हणाली. सगळ्यांची पुस्तकं आधी काही दिवस तिथं ठेवावी लागतात. तळघरातली खोली आहे, दिवा लावायची बंदी, ज्ञानावर कुणाची नजर पडू नये म्हणून. सेवेकरी अंधारातच पानं मोकळी करून पुस्तकं उभी ठेवतात आणि तुलेच्या वेळी वस्त्रात गुंडाळून वर आणतात.

बाईंनी पुस्तक पुन्हा कपाटावर ठेवलं. मग स्वतःशीच चिडून हसल्या. चोर तराजूत आहे असं धरून त्या तराजूकडेच बघत राहिल्या होत्या. तराजू खराच होता. वजनही खरंच घटलं होतं. घटलं होतं ते पाणी.

कागद हवेतला ओलावा शोषतो. दमट खोलीत पानं मोकळी करून ठेवली की पुस्तक जड होतं, गरम थाळीवर पानं फाकवली की पाणी उडून जातं आणि ते हलकं होतं. बाईंनी प्रयोगशाळेत हीटर आणि ओल्या पोत्यांनी भरलेलं खोकं घेऊन हे करून पाहिलं. जमलं. पण गुरुजींपुढे नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. त्यांनी प्रकाशकाकडून एक वस्तू मागवून घेतली आणि ती नीट बांधून गुरुजींकडे पाठवली. सोबत निरोप दिला की, आता माझीही तुला करा.

गुरुजींना आनंदाचं भरतं आलं. पुस्तकाची लेखिकाच शरण येणार म्हणून त्यांनी गावभर फलक लावले. त्या दिवशी हॉलबाहेरच्या रस्त्यावरही लोक उभे होते. बहीण पहिल्या रांगेत होती. ताईला उपरती झाली म्हणून तिचा चेहरा खुलला होता.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तराजू, थाळी, वस्त्र, प्रवचन. बाई डोळे मिटून बसल्या. पारडं वर गेलं. गुरुजींनी माइक घेतला आणि जाहीर केलं की प्रकाश, गुरुत्वाकर्षण, ग्रह, तारे, सगळं बाईंच्या मस्तकात उतरलं आहे.

बाई उठल्या. पारड्यातून उचलून त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या हातात दिलं. त्यातलं काय उतरलं ते वाचून दाखवा, म्हणाल्या.

गृहस्थांनी पान उलटलं, पुढचं उलटलं, मग भराभर सगळी उलटली. "यात काही नाहीच," ते म्हणाले. "सगळं कोरं आहे."

बाईंनी सांगितलं की पुस्तक छापण्याआधी जाडी कळावी म्हणून कोऱ्या कागदाचा एक नमुना बांधतात. त्याला डमी म्हणतात. वर त्यांच्या पुस्तकाचंच वेष्टण चढवलं होतं. त्यात अक्षर नाही, आकृती नाही, पानाचा आकडासुद्धा नाही. तरी ते हलकं झालं. मग बाहेर पडलं ते काय? त्यांनी ओलावा, खोली आणि गरम थाळी हे सगळं सोप्या शब्दांत सांगितलं आणि ज्याला शंका असेल त्यानं मौनकक्षात जाऊन यावं, म्हणाल्या.

मग भाची उठली. सेवेकरी दारात आडवा आला, पण तोवर तिच्यामागे दहाबारा बाप उठले होते. मोबाइलच्या उजेडात त्यांना दिसल्या पाण्यानं भरलेल्या पराती, भिंतीला टेकवलेली ओली पोती आणि त्यांच्यामध्ये रांगेनं उभी, आ वासलेली पुस्तकं.

गुरुजी गडबडले नाहीत. ओलावा हे ज्ञानाचं वाहन आहे, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. आणि बाईंच्या अंगाची लाही झाली ती याची की, काही जणांनी तेही मानलं. एकानं तर विचारलं की पुस्तक जास्त ओलं केलं तर मार्क जास्त पडतील का.

बाईंचा संयम सुटला. माइक न घेताच त्या बोलल्या.

"पुस्तक हलकं झालं, हे मीही पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. डोळ्यांनी जे दिसलं ते मानलंत, यात तुमची चूक नाही. ते कशानं झालं, हे विचारायचं तुम्ही सोडून दिलंत, ही चूक. मला नाही कळलं तेव्हा मी घरी जाऊन शोधलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मुलांची पुस्तकं बांधून ठेवलीत. परीक्षा जवळ आली आहे. दोरे सोडा."

एवढं बोलून त्या उतरल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही जण खाली मान घालून निघून गेले. पुढच्या महिन्यात गुरुजींनी मुक्काम हलवला. दुसरीकडे ते वह्यांची तुला करतात, असं कानावर आलं. प्रकाशकाची नवी आवृत्ती गोदामात पडून राहिली आणि तो बाईंशी तुटकपणे बोलू लागला. बहिणीनं तर कितीतरी दिवस अबोला धरला. चारचौघांत तोंडघशी पाडलंस, एवढंच तिचं म्हणणं होतं.

भाची मात्र रोज येऊ लागली. वाया गेलेले दिवस भरून निघणं कठीण होतं, हे दोघींनाही दिसत होतं. पहिल्या परीक्षेत ती थोडक्यात हुकली आणि पुन्हा बसायचं ठरवून अभ्यासाला लागली. एका संध्याकाळी ती गच्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. समोरच्या इमारतींमागून पूर्ण चंद्र वर येत होता, चांगला परातीएवढा.

"मावशी, तू लिहिलंयस की उगवतीचा चंद्र मोठा दिसतो, पण मोठा नसतो. आपल्याला नुसता भास होतो. कशावरून?"

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तिच्या हातातली पेन्सिल तिलाच उलटी धरायला लावली, हात लांब करून, एक डोळा मिटून. पेन्सिलीच्या बुडाशेजारी धरून बघितला तर चंद्र बुडाहूनही जरा लहान निघाला.

"आता तो डोक्यावर आला की पुन्हा असंच धरून बघ. तेव्हा तो याहून लहान निघाला, तर मी लिहिलेलं खोडून टाक."

हे जसं तिला, तसंच तुम्हालाही. मंचावरून कुणी काही दाखवलं, पुस्तकात कुणी काही छापलं, सांगणारा कितीही मोठा असला, तरी कशावरून, हे विचारा. आणि जमेल तिथं स्वतः मोजून बघा. भाचीनं पुस्तक गच्चीच्या कठड्यावर उघडंच ठेवलं आणि चंद्र वर यायची वाट बघत बसली.